‘उमजणे’ आणि ‘आपले असणे’ : चाहत्यांच्या मतभेदातील नैतिक प्रश्न

१

कलाकृतीविषयीच्या मतभेदांचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा समीक्षकांच्या मतभेदांवर केंद्रित झालेले असते. दोन समीक्षक एकाच संहितेचे परस्परविरोधी मूल्यमापन करतात तेव्हा त्यांचे निकष, त्यांची गृहीतके आणि त्यांची परंपरा तपासली जाते. चाहत्यांचे मतभेद मात्र हौसेचा, वयाचा वा फार तर अभिरुचीच्या समाजशास्त्राचा विषय मानून बाजूला ठेवले जातात. असे करण्यात एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. समीक्षकाला आपले मत बदलता येते आणि त्याबद्दल त्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. चाहत्याच्या बाबतीत असे घडत नाही. आवडत्या कलावंताची एखादी कृती नाकारणारा चाहता इतर चाहत्यांच्या दृष्टीने केवळ चुकत नसतो, तो काही तरी मोडत असतो. उलट, ती कृती नाकारणाऱ्याला वाटत असते की मोडतोड कलावंतानेच केली आहे. दोन्ही बाजूंची भाषा सौंदर्याची असली तरी सूर नैतिक असतो. हा सूर कोठून येतो आणि तो कितपत समर्थनीय आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

‘रसिक’ आणि ‘चाहता’ या दोन शब्दांतील भेद येथे उपयोगी पडतो. रसिकाचे नाते कलेशी असते; चाहत्याचे नाते एका कलावंताशी, कधी एका कृतीशी असते. रसिकतेला व्यापकपणा शोभतो, चाहत्याला निष्ठा शोभते असे मानले जाते. म्हणून चाहत्याच्या विधानात तीन वेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. ‘हे आवडले नाही’ हे पहिले. ते आवडीचे विधान आहे आणि त्याचा प्रतिवाद संभवत नाही. ‘हे हीन आहे’ हे दुसरे. ते मूल्यविधान आहे आणि त्यासाठी कारणे द्यावी लागतात. ‘हे आमचे नव्हे’ हे तिसरे. ते हक्काचे विधान आहे आणि त्यासाठी कारणे नव्हे तर अधिकार दाखवावा लागतो. चाहत्यांचे वाद कडवट होतात आणि निष्फळही ठरतात, याचे एक कारण असे की तिसऱ्या विधानाची जिद्द दुसऱ्या विधानाच्या भाषेत बोलत असते आणि अडचणीत सापडताच पहिल्या विधानाच्या आश्रयाला जाते.

२

मराठी संगीतव्यवहारातील एक उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू आणि ‘द्रौपदी’ (१९२०) मधील नायिका या भूमिकांतून मराठी श्रोत्यांच्या अनेक पिढ्यांचा कान घडविला. गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले आणि पुढे मास्टर कृष्णराव यांच्या चालींना त्यांच्या गळ्याने जे रूप दिले, तेच त्या पदांचे एकमेव रूप होय, असा विश्वास दीर्घकाळ रुजला. १९६० नंतरच्या दशकात कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने हीच गायकी आपल्या पद्धतीने मांडली. या नावाची ध्वनिमुद्रिकाही निघाली आणि आज ती अभिजात मानली जाते. परंतु तिच्याविषयी बालगंधर्वांचे चाहते एकमुखाने बोलत नाहीत.

एका पक्षाचा आक्षेप असा : नाट्यपद हे पात्राच्या मुखातील उद्गार असते. भामिनीचा मानी लाडिकपणा, सिंधूची सोशिकता ही त्या स्वरांची जन्मभूमी आहे. पदाला तेथून उचलून मैफलीत आणले की स्वर उरतात, मार्दव उरत नाही. शिवाय बालगंधर्वांच्या गाण्यातील अखंड, ओघवती लय आणि शब्दाला हळुवार कुरवाळण्याची रीत यांऐवजी कुमारांच्या गाण्यात तुटक, अणकुचीदार, मध्येच थांबून विचार करणाऱ्या स्वरावली येतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे : बालगंधर्वांची नक्कल करणारे गायक पुष्कळ झाले आणि त्यांच्यामुळे बालगंधर्वांची केवळ लकब शिल्लक राहिली. कुमारांनी लकब सोडली आणि तिच्यामागची स्वरदृष्टी उचलली. तिसरा, संख्येने लहान पण विचारार्ह पक्ष असे म्हणतो की ही ध्वनिमुद्रिका बालगंधर्वांची नाहीच आणि तसा तिचा दावाही नाही. ती स्वरांतून केलेली समीक्षा आहे.

शीर्षकातील क्रियापद या तिसऱ्या पक्षाला बळ देते. ‘समजलेले’ नव्हे, ‘उमजलेले’. समजणे हे दुसऱ्याने सांगितल्याने घडू शकते. उमजणे आतून, आणि बहुधा विलंबाने घडते. त्यातच ‘मला’ हे सर्वनाम दाव्याची मर्यादाही सांगते आणि जबाबदारीही घेते. हान्स-गेओर्ग गादामर यांनी ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) या ग्रंथात आकलनाला क्षितिजांचे संमीलन म्हटले. भूतकाळातील कृती जशीच्या तशी पुन्हा उभी करता येत नाही, आणि स्वतःचे क्षितिज पुसून टाकूनही तिच्याकडे जाता येत नाही. कुमारांचे शीर्षक हीच भूमिका तीन शब्दांत घेते.

येथे एक चरित्रात्मक तपशील निर्णायक ठरतो. १९२४ साली सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र कोमकळी हे बालवयात ज्या गुणासाठी प्रसिद्ध झाले, तो गुण म्हणजे थोर गायकांच्या तबकड्या ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखविणे. म्हणजे नक्कल साधत नव्हती म्हणून कुमारांनी वेगळा मार्ग धरला, असे म्हणता येत नाही. जो मुलगा कोणाचीही तबकडी जशीच्या तशी म्हणू शके, त्याने प्रौढपणी सर्वांना परिचित असलेल्या तबकड्या जाणीवपूर्वक तशा म्हटल्या नाहीत. हा नकार ही त्यांची कृती आहे, उणीव नव्हे.

यावर विरोधी पक्ष दुसरा चरित्रात्मक तपशील पुढे करतो. १९४७ पासून सुमारे पाच वर्षे कुमार क्षयाने अंथरुणाला खिळले होते आणि एका फुफ्फुसाचे कार्य कायमचे दुबळे झाले. त्यांच्या स्वरावली आखूड आहेत त्या श्वास आखूड म्हणून, असा हा युक्तिवाद. तो खरा मानला तरी त्यातून हवा तो निष्कर्ष निघत नाही. एखादे वैशिष्ट्य कशामुळे आले, हा प्रश्न कारणाचा आहे; त्याने काय साधले, हा प्रश्न मूल्याचा आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे उत्तर म्हणून चालत नाही. आणि हीच शिस्त कुमारांच्या चाहत्यांनाही लागू पडते. आजारावर केलेली मात हा आदराचा विषय आहे, त्या गाण्याच्या श्रेष्ठतेचा पुरावा नव्हे.

३

‘हे बालगंधर्व नव्हेत’ या विधानाला अर्थ यावयाचा तर ‘बालगंधर्व’ म्हणजे काय, हे आधी निश्चित व्हावे लागते. तेथेच अडचण सुरू होते. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिले, त्यांचे बालगंधर्व हे वेषभूषा, ऑर्गन, सारंगी, तिरखवाँचा तबला आणि वन्समोअरच्या गजरात पुन्हा पुन्हा फुलणारे पद यांनी मिळून झालेले होते. ज्यांनी तबकड्या ऐकल्या, त्यांचे बालगंधर्व प्रत्येक बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे होते. जे पद नाट्यगृहात रसिकांच्या आग्रहाने कितीही लांबे, ते येथे यंत्राच्या मर्यादेने आवळलेले होते. ज्यांनी उत्तरायुष्यातील भजने ऐकली, त्यांचे बालगंधर्व आणखी निराळे. मूळ एकच नाही, तीन आहेत. आणि प्रत्येक मुळाचा स्वतंत्र चाहतावर्ग आहे.

या संदर्भात केंद्रापासून दूर असलेल्या श्रोत्याचा विचार करणे उद्बोधक ठरते. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव घ्यावे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. परतूर तालुका १९८१ मध्ये जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होता. संगीत नाटकाचे वैभव मुख्यतः पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर अशा शहरांच्या नाट्यगृहांत नांदले. आष्टीसारख्या गावातील श्रोत्याला त्याची ओळख व्हायची ती बहुधा तबकडीतून, आकाशवाणीवरून आणि नंतर ध्वनिफितीतून. त्याच्या कानी बालगंधर्व आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे दोन्ही एकाच मार्गाने, रंगमंचाशिवाय, केवळ आवाज म्हणून येऊन पोहोचले. आज तर एकाच दूरध्वनीच्या पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी असतात.

अशा श्रोत्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगावे की तुम्ही ऐकले ते खरे नव्हे, तर त्याने काय उत्तर द्यावे? साक्षीदाराच्या अधिकारात तथ्य आहे. त्याने जे पाहिले ते परत येणार नाही आणि त्याची साक्ष नसती तर तबकडी अपुरी आहे हेही कळले नसते. परंतु साक्ष देणे वेगळे आणि न्याय देणे वेगळे. साक्षीदार काय होते ते सांगू शकतो. जे झाले तेच श्रेष्ठ, हे केवळ उपस्थितीच्या बळावर ठरवू शकत नाही. उपस्थिती ही काळ, पैसा, प्रवास आणि जात-वर्ग यांच्या सवलतींतून मिळालेली असते. तिलाच सौंदर्यनिर्णयाचा परवाना मानले, तर ज्याच्या वाट्याला ती आली नाही तो कायमचा दुय्यम श्रोता ठरतो. ‘हे आमचे नव्हे’ या विधानातील ‘आमचे’ या शब्दाचा येथे उलगडा होतो. त्यात कलेविषयीचे ज्ञान असते, आणि बरेचदा एका नाट्यगृहाच्या खुर्चीचा हक्कही असतो.

४

हा प्रश्न मराठी भावविश्वापुरता नाही, हे दाखविण्यास संगीताच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेता येईल. हेवी मेटल या गिटारप्रधान, कर्कश म्हणून हिणविल्या गेलेल्या संगीतप्रकाराचे श्रोते मुंबई-पुण्यातही आहेत. मुंबईत ‘भयानक मौत’ या मराठी श्रोत्याला सहज कळणाऱ्या नावाचा वाद्यवृंदही निर्माण झाला. या प्रकारातील ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या दोन अल्बमांविषयी चाहत्यांत जे वाद झाले, ते बालगंधर्व-कुमार वादाच्या शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) नंतर त्याच वर्षी बास गिटार वाजविणारा क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बस-अपघातात मरण पावला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्यानंतरच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. ही बाब वादातीत आहे. परंतु तिचा अर्थ मात्र वादग्रस्त आहे. काहींना तो उघड दोष वाटतो. काही चाहत्यांनी तर बासचा आवाज वाढवून त्या अल्बमच्या स्वतःच्या आवृत्त्या तयार केल्या. इतरांना तो कोरडा, पोकळ, हाडांसारखा आवाज हाच त्या अल्बमचा आत्मा वाटतो. बास आणला तर अल्बम सुधारणार नाही, निराळा होईल, असे ते म्हणतात.

डेव्हिड ह्यूम यांनी अभिरुचीच्या प्रमाणकाविषयीच्या १७५७ च्या निबंधात सर्वांतेसच्या कादंबरीतील एक गोष्ट वापरली आहे. दोघे जाणकार पिंपातील मद्य चाखतात. एकाला त्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. सूक्ष्म अभिरुचीला वस्तूत आधार असतो, हे ह्यूमना दाखवायचे आहे. पण ‘जस्टिस’च्या बाबतीत किल्ली पहिल्यापासून सर्वांच्या हातात आहे. बास नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. तरी वाद मिटत नाही. तसेच कुमारांच्या स्वरावली आखूड आहेत, हेही दोन्ही पक्षांना मान्य आहे. वस्तुस्थितीवर एकमत झाले तरी मूल्यावर मतभेद उरू शकतो, इतकेच नव्हे तर तेव्हाच तो खरा सुरू होतो. कारण आता प्रश्न ‘काय आहे’ हा नसून ‘जे आहे त्याचे संपूर्ण कृतीत स्थान कोणते’ हा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर बोटाने दाखवून देता येत नाही, पण कारणे देऊन देता येते.

१९९१ च्या, वाद्यवृंदाच्याच नावाच्या अल्बमविषयीचा वाद दुसऱ्या प्रकारचा आहे. बॉब रॉक या नव्या निर्मात्यासह केलेल्या या अल्बममधील गाणी तुलनेने आखूड, संथ आणि सुटसुटीत आहेत. त्याला अफाट लोकप्रियता मिळाली. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना हा बाजाराशी केलेला समझोता वाटला. नव्या चाहत्यांना ती प्रौढता वाटली. येथे सूर सरळसरळ विश्वासघाताचा आहे. थोड्या लोकांचे जे होते ते सर्वांचे झाले, हीच जुन्या चाहत्याची व्यथा. वादाचा विषय संगीत आहे, पण दुखरी जागा आपलेपणाची आहे.

५

विश्वासघात होण्यासाठी आधी वचन असावे लागते. कलावंताने चाहत्याला असे वचन कधी दिलेले असते काय? औपचारिक अर्थाने नाही. मात्र हे उत्तर पुरेसे नाही. एखादी शैली वर्षानुवर्षे जोपासली जाते तेव्हा तिच्याभोवती अपेक्षांचे क्षितिज तयार होते, असे हान्स रॉबर्ट याउस यांनी साहित्याच्या संदर्भात दाखविले. चाहता त्या क्षितिजावर आपल्या आयुष्याचा काही भाग बांधतो. त्याची मैत्री, त्याचे तारुण्य, त्याची भाषा त्याच्याशी जडलेली असते. ते क्षितिज बदलले म्हणजे त्याचे खरोखर काही हरवते. नुकसान खरे असते. पण प्रत्येक नुकसान अन्याय नसते. आप्त गाव सोडून गेला तर शोक करता येतो, दावा ठोकता येत नाही. चाहत्याची चूक दुःख करण्यात नसते, दुःखाचे आरोपात रूपांतर करण्यात असते.

भारतीय सौंदर्यविचारात या चुकीला नेमके स्थान आहे. अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या विघ्नांची गणना केली आहे. स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे हे त्यांतील एक. हे माझे, हे परक्याचे, अमुक स्थळीचे, अमुक काळचे अशा भेदांत अडकून राहणे हे दुसरे. ही दोन विघ्ने एकत्र केली की चाहत्याचे जवळजवळ चित्रच उभे राहते. तारुण्यात ऐकलेला आवाज श्रेष्ठ वाटतो, त्यात आवाजाचा वाटा किती आणि तारुण्याचा किती, हे त्याला वेगळे करता येत नाही. या विचारानुसार चाहता हा सहृदयाच्या विरुद्ध टोकाला उभा आहे असे म्हणावे लागेल.

पण तसे म्हणणे एकांगी होईल. सहृदयाच्या मनाचा आरसा स्वच्छ होतो तो काव्याच्या सततच्या अभ्यासाने. आणि सततचा अभ्यास जिव्हाळ्याशिवाय होत नाही. एकच तबकडी शेकडो वेळा ऐकणारा चाहताच असतो. रसिक अनेक कृती ऐकतो, चाहता एका कृतीत खोल उतरतो, आणि तेथे त्याला असे सूक्ष्म भेद दिसतात जे व्यापक रसिकाच्या कानावरून निसटून जातात. तेव्हा निष्ठा हे विघ्नही आहे आणि साधनही. ती साधन केव्हा राहते आणि विघ्न केव्हा होते, हा खरा प्रश्न आहे.

कांट यांच्या ‘निर्णयशक्तीची चिकित्सा’ (१७९०) या ग्रंथातील विवेचन येथे मार्ग दाखविते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) आणि ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ (१९७७) या ग्रंथांतून ते मराठी समीक्षेत आणले आणि तपासले. सौंदर्यविधान हे व्यक्तीच्या अनुभवातून येते, पण ते इतरांच्या संमतीची अपेक्षा धरते. ही संमती सक्तीने मिळवता येत नाही, नियम दाखवून सिद्ध करता येत नाही. तिची केवळ मागणी करता येते. या विचाराचा नैतिक अर्थ चाहत्यांच्या संदर्भात स्पष्ट होतो. संमतीची मागणी करणे म्हणजे समोरच्याला तिच्यासाठी समर्थ मानणे होय. ‘तुम्ही नाट्यगृहात नव्हता, तुम्हांला कळणार नाही’ असे म्हणणारा चाहता मागणीच मागे घेतो, आणि तिच्याबरोबर आपले विधान सौंदर्यविधान असल्याचा दावाही मागे घेतो. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून गप्प बसणारा सहिष्णु चाहताही तेच करतो, अधिक सभ्यपणे. पहिल्याने समोरच्याला अपात्र ठरविले. दुसऱ्याने त्याला उत्तराच्या लायकीचे मानले नाही. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन भूमिका, हुकूमशाही आणि सापेक्षतावाद, दुसऱ्याच्या कानाचा अनादर करण्याच्या बाबतीत एकच आहेत.

६

यावरून चाहत्यांच्या मतभेदाला लागू करता येईल अशी एक कसोटी निघते. मतभेदामुळे कृती पुन्हा ऐकावी लागते काय? जो आक्षेप दुसऱ्या पक्षाला ध्वनिमुद्रिकेकडे परत पाठवितो, तो सौंदर्यविधान आहे. जो तिच्यापासून दूर, व्यक्तीच्या पात्रतेकडे वा निष्ठेकडे पाठवितो, तो हक्काचा दावा आहे. ‘सिंधूचे पद सिंधूशिवाय पोकळ होते’ हा आक्षेप पहिल्या प्रकारचा आहे. तो ऐकून कुमारांच्या चाहत्याला त्यांचे गाणे पुन्हा ऐकावे लागते, आणि पात्र काढून घेतल्यावर त्या जागी काय आले, हे सांगावे लागते. ‘हा बालगंधर्वांचा अपमान आहे’ हा आक्षेप दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यावर एक तर माफी मागता येते किंवा भांडता येते, ऐकता येत नाही.

याच कसोटीवर वर उल्लेखिलेला तिसरा पक्षही तपासावा लागतो. ही ध्वनिमुद्रिका समीक्षा आहे, म्हणून तिची मुळाशी तुलनाच करू नये, असा जर त्याचा अर्थ असेल तर तीही एक पळवाट होय. समीक्षा चुकू शकते. कुमारांना ‘उमजलेले’ बालगंधर्व हा दावा आहे, आणि दावा असल्यामुळे तो तपासला जाणे हाच त्याचा सन्मान आहे. ‘मला’ या शब्दाने कुमारांनी मताची जबाबदारी घेतली. उत्तर देण्यातून सुटका मागितली नाही. तिसरा पक्ष योग्य ठरतो तो वाद मिटविण्यासाठी नव्हे, तर वाद योग्य जागी नेण्यासाठी : मूळ टिकले की नाही यावरून, मुळातील काय दिसले आणि काय झाकले गेले, याकडे.

ह्यूम यांनीही शेवटी मान्य केले की काही मतभेद कोणत्याही प्रमाणकाने मिटत नाहीत. माणसाचा आवडता लेखक विशीत एक असतो, चाळिशीत दुसरा आणि पन्नाशीत तिसरा. आणि आवडता लेखक निवडणे हे मित्र निवडण्यासारखे असते. हा दृष्टान्त चाहत्याच्या नीतीसाठी फार उपयोगाचा आहे. मैत्रीला कारण मागणे असभ्यपणाचे ठरते, पण मैत्री आहे म्हणून मित्राच्या बाजूने निकाल देणे अन्यायाचे ठरते. मित्र बदलला तर दुःख होते, परंतु तो पूर्वीसारखाच राहावा अशी सक्ती करणे ही मैत्री नव्हे. आणि मित्राचे इतरही मित्र असतात; त्यांच्यापैकी काहींना तो आपल्यापेक्षा उशिरा, दूरवरून, अगदी आष्टीसारख्या गावी केवळ आवाज म्हणून भेटलेला असतो. त्यांना दिसलेली त्याची बाजू आपल्याला दिसलेली नसण्याची शक्यता नेहमीच असते. ही शक्यता गृहीत धरून केलेला मतभेद कृतीला अधिक श्रीमंत करतो. ती नाकारून दाखविलेली निष्ठा कृतीला चाहत्याच्या आठवणीएवढी लहान करते.